‘विषय ऐच्छिक’ असतो तेव्हा

शाळा-महाविद्यालयांच्या निबंध स्पर्धा जवळ आल्या की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतात, आणि तो म्हणजे विषय कोणता घ्यावा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेली अशी काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांब पत्रे थोडक्यात मांडली आहेत.

प्रश्न : मी सांगलीच्या एका महाविद्यालयात अकरावीत शिकते. आमच्याकडे निबंध स्पर्धा आहे. शब्दमर्यादा दीड हजार असून सूचनेत ‘विषय ऐच्छिक’ एवढेच लिहिले आहे. मी ‘पर्यावरण : काळाची गरज’, ‘मोबाईल : शाप की वरदान’, ‘पाणी हेच जीवन’ आणि ‘महापूर : एक नैसर्गिक आपत्ती’ असे चार विषय काढून ठेवले आहेत. यांपैकी परीक्षकांना कोणता आवडेल?
— एक विद्यार्थिनी, हरिपूर

उत्तर : परीक्षकांच्या आवडीचा प्रश्न तुला वाटतो तेवढा गूढ नाही. स्पर्धेचा गठ्ठा समोर आला की पहिले काही निबंध परीक्षक मन लावून वाचतो. ‘आजच्या विज्ञानयुगात’ अशी सुरुवात असलेला पाचवा निबंध हाती येईपर्यंत मात्र त्याची नजर परिच्छेदांवरून घसरू लागलेली असते. असे गठ्ठे मी अनेक वर्षे तपासले आहेत. भाषेच्या अलंकारांसाठी एखाद्या निबंधापाशी थांबण्याची वेळ क्वचितच आली; थांबावे लागले ते मला ठाऊक नसलेले काही समोर आले म्हणून.

तुझ्या चारही विषयांची अडचण एकच आहे. त्या निबंधांचे शेवटचे वाक्य तुला आजच, एकही ओळ न लिहिता, सांगता येते. मोबाईलचा वापर तारतम्याने केल्यास तो वरदान ठरेल; झाडे लावली पाहिजेत; पाणी जपून वापरले पाहिजे. शेवट आधीच ठरलेला असला की मधली पाने भरण्यासाठी सुविचार, कवितेच्या ओळी आणि थोरांची वचने गोळा करावी लागतात, आणि लिहिणाऱ्याचा कंटाळा वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून विषय निवडताना एवढेच तपासून पाहा : विषयाच्या पुढे प्रश्नचिन्ह लावता येते का, त्या प्रश्नाचे उत्तर आज तुझ्याजवळ नाही ना, आणि पंधरा दिवसांत कुठे जाऊन, कोणाला विचारून किंवा काही मोजून ते मिळण्यासारखे आहे का.

आता तुझीच यादी घेऊ. मोबाईलचा विषय तुला सोडायचा नसेल तर कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे गाव तुझ्याच जिल्ह्यात आहे. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, त्यानंतर दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, असे गावाने ठरवले आणि २०२२ साली त्याची बातमी देशभर पोहोचली. ‘शाप की वरदान’ या चर्चेपेक्षा ‘सातचा भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो का?’ हा प्रश्न कितीतरी चांगला आहे, कारण मुलांना पुस्तकापुढे बसवून वडीलधारी मंडळी त्या दीड तासात काय करतात हे बातमीत फारसे येत नाही. ते तिथल्या मुलांनाच ठाऊक असणार.

पाण्याचा विषय घ्यायचा तर मिरज स्थानक तुझ्या घरापासून फार लांब नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही गेल्या. ‘जलदूत’ म्हणून त्या गाडीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण याच सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडील जत तालुका वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत आला आहे. कृष्णेचे पाणी लातूरला पोहोचवणे काही दिवसांत शक्य झाले आणि जतच्या काही गावांना ते मिळण्यासाठी पिढ्या का जाव्या लागल्या, असा प्रश्न अकरावीतल्या मुलीने विचारला तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसेल. अर्थात दीड हजार शब्दांत त्याचे पूर्ण उत्तर मावणार नाही. अशा वेळी जतच्या एका गावापुरते आणि एका उन्हाळ्यापुरते बोलावे.

महापुराचा विषय तर तुमच्या पिढीचाच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सांगलीने पाहिले. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. हे आकडे सगळेच लिहितील, त्यामुळे एवढ्यावर तू थांबू नयेस. २००५ च्या पुराची खूण अनेकांनी भिंतीवर करून ठेवली होती आणि त्यापेक्षा वर पाणी येणार नाही असा हिशेब धरला होता. २०१९ मध्ये तो हिशेब चुकला. मग त्यानंतर ज्यांनी घर नव्याने बांधले किंवा दुरुस्त केले, त्यांनी जोत्याची उंची कशावरून ठरवली? गवंड्याने सांगितली, अभियंत्याने काढून दिली, की खिशातल्या पैशांनी ठरवली? तुझ्या ओळखीच्या चार घरांना हे विचारून चार उत्तरे जशीच्या तशी लिहिलीस, तरी निबंधाचा कणा उभा राहील.

तरीही तू हरिपूरला राहतेस म्हणून माझी शिफारस तुझ्या यादीबाहेरच्या विषयाची आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या तुझ्या गावात हळद साठवण्याची जी पेवे आहेत, ती आज कोणत्या अवस्थेत आहेत आणि का, यावर लिही. जमिनीत खोल खणलेल्या, वर अरुंद तोंडाच्या आणि आत ऐसपैस असणाऱ्या या साठवणीत हवा खेळत नाही, त्यामुळे माल दीर्घकाळ कीड न लागता राहतो. आणि याच कारणाने पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून गेल्याखेरीज माणसाने खाली उतरायचे नसते. इथली विशिष्ट माती नसती तर हे साधलेच नसते. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरले, मालाचे फार नुकसान झाले, आणि व्यापारी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले २०१८ साली, म्हणजे पेवांचा काळ बराचसा सरल्यावर. या दोन घटनांमधल्या तेरा वर्षांत काय घडले हे छापील स्वरूपात फारसे आढळत नाही, पण तुझ्या गावात ते सांगणारी माणसे आहेत. पेवाचे मालक असलेले एखादे घर शोध, माल उतरवणाऱ्या हमालांपैकी कोणी भेटले तर त्यांना विचार, मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत्याकडे जा. भाडे कसे ठरत असे, कोणाचे पेव कोणते हे कसे ओळखत, पेवात उतरण्याचे काम कोण करत असे, आता त्या जागेचे काय झाले आहे, असे साधे प्रश्न पुरेत. ‘पुरामुळे पेवे बंद पडली’ हे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर अपुरे आहे असे तुला आढळले, आणि गोदामे पुराच्या आधीच सोयीची वाटू लागली होती असे कोणी सांगितले, तर तिथून तुझा निबंध खऱ्या अर्थाने सुरू होईल. तसे नाही आढळले तरी बिघडत नाही. जे आढळेल तेच लिहावे.

आणि हो, शीर्षकात ‘काळाची गरज’ हे शब्द नकोत.

प्रश्न : मी माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना घरून निबंध लिहून आणायला सांगितला की सगळ्या वह्यांत एकच निबंध येतो, मार्गदर्शिकेतला नाहीतर इंटरनेटवरचा. विषय बदलून पाहिले, तरी फरक पडत नाही. मुलांना लिहावेसे वाटेल असा विषय कसा द्यावा?
— एक शिक्षक, दहिवडी परिसर

उत्तर : विषय बदलले असे आपण लिहिता, परंतु ‘माझा आवडता ऋतू’ काढून ‘माझा आवडता सण’ दिला असेल तर तोही मार्गदर्शिकेच्या पुढच्याच पानावर तयार असतो. मार्गदर्शिकेत असूच शकणार नाही असा विषय देणे हा एकमेव उपाय मला ठाऊक आहे, आणि तो फारसा अवघड नाही. विषयाच्या शब्दरचनेतच एखादे ठिकाण, एखादी वेळ किंवा मुलाला विचारता येईल असे एखादे माणूस घालावे.

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय याचे उत्तम उदाहरण आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आपल्या माणमध्ये तो पाचशेच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. असे असूनही माणमधले मूल निबंधात धो-धो पाऊस पाडते, अंगणात तळे साचवते आणि त्यात कागदाच्या होड्या सोडते, कारण मार्गदर्शिकेतला पाऊस कोकणातला आहे. मुलाने खोटे लिहिले असे म्हणण्यापेक्षा विषयाने त्याला त्याचा स्वतःचा पाऊस आठवायला सांगितलेच नाही, असे म्हणावे लागेल. त्याऐवजी ‘यंदाचा पहिला पाऊस आमच्या घरात कोणी आधी ओळखला?’ असे विचारून पाहा. आजी वाऱ्याची दिशा सांगेल, वडील मुंग्यांची, एखादा म्हणेल की मोबाईलवर सूचना आली. वर्गात एकसारखी दोन उत्तरेही येणार नाहीत.

त्याच धर्तीवर ‘आमच्या विहिरीची खोली कोणी, केव्हा वाढवली’, ‘चारा छावणीत काढलेली रात्र’, ‘मेंढरांमागे गेलेला वर्गमित्र शाळेत परत येतो तेव्हा’ असे विषय देता येतील. छावणी प्रत्येक मुलाने स्वतः पाहिलेली नसेल, पण घरातल्या कोणीतरी तिथे जनावरांजवळ रात्री काढलेल्या असतात, आणि घरी जाऊन विचारावे लागणे हाच तर गृहपाठ आहे. आत्मवृत्ताचा प्रकार शिकवायचाच असेल तर फाटक्या छत्रीला आता विश्रांती द्यावी, असे मी सुचवेन. माणमध्ये छत्री फाटायला तेवढा पाऊस तरी कुठे पडतो? शाळेच्या टाकीच्या नळाला उन्हाळ्यात कुलूप लागत असेल तर त्या कुलपाला बोलू द्यावे. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

एक गोष्ट मात्र तपासताना सांभाळावी लागेल. मुलाने ‘म्हसरं’, ‘कडवळ’ असे घरचे शब्द लिहिले आणि आपण त्यांखाली तांबड्या रेघा ओढल्या, तर पुढच्या वेळी ते मूल निमूटपणे मार्गदर्शिकेकडे परत जाईल. पहिल्या वाचनात फक्त नवीन काय आले आहे एवढेच पाहावे आणि शुद्धलेखन दुसऱ्या वाचनाला ठेवावे. बोर्डाच्या परीक्षेची काळजी पालक बोलून दाखवतील, त्यांना सांगावे की दिलेल्या पर्यायांतून निवड तिथेही करावीच लागते. ‘यातल्या कोणत्या विषयाशी जोडता येईल असा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे?’ असा विचार करण्याची सवय ज्याला वर्षभर लागली आहे, त्याचा परीक्षागृहातला वेळ वाचतो.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ‘मला आवडणारी व्यक्ती’ या स्पर्धेसाठी त्याने खाशाबा जाधवांवर लिहावे असे मी सुचवले. आपल्याच भागातले एवढे मोठे नाव आहे. तो मात्र गल्लीच्या तोंडावर सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांवर लिहायचे म्हणून हटून बसला आहे. इतक्या साध्या माणसावरचा निबंध स्पर्धेत टिकेल का?
— एक पालक, कराड

उत्तर : टिकेल, आणि आपण मध्ये पडला नाहीत तर अधिक चांगला टिकेल. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, ही माहिती कराड तालुक्यातून येणाऱ्या निबंधांत हमखास असणार. त्यांच्याविषयीचा आदर त्यामुळे कमी होत नाही. आठवीतल्या मुलाजवळ त्यात स्वतःची भर घालण्यासारखे काय आहे, एवढाच प्रश्न उरतो. तालमीत जाणाऱ्या मुलाने, मातीतून मॅटवर जाताना पाय कसे बावरतात याबद्दल लिहिले असते तर मी खाशाबांच्या बाजूने मत दिले असते.

सायकलवाल्या काकांजवळ तुमचा मुलगा बहुधा तास न् तास उभा राहिला आहे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते पाहणे, ती जागा घासून सोल्युशन लावणे, ते सुकेपर्यंत घाई न करणे, गिअरच्या सायकली आल्यापासून कोणती कामे ते घेत नाहीत, हे सगळे त्याने पाहिले असेल. ‘ते अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक आहेत’ या वाक्याची त्याला गरजच पडणार नाही. आपण फक्त दोन गोष्टी कराव्यात : काकांची परवानगी घेतली आहे का ते विचारावे, आणि तयार निबंध ‘सुधारून’ देऊ नये.

प्रश्न : मी साताऱ्यात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास मंडळाच्या निबंधासाठी मी ‘सातारचे प्रतिसरकार’, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चाललेले लोकांचे सरकार, हा विषय घेतला आहे. पुष्कळ वाचले, पण सगळे एकदा लिहिलेलेच पुन्हा लिहिल्यासारखे होत आहे. विषय सोडावा का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : विषय सोडू नये, पण त्याचा नव्वद टक्के भाग सोडावा. क्रांतिसिंह नाना पाटील, १९४३ ते १९४६ चा कालखंड, प्रतिसरकारचे सशस्त्र दल असलेली कुंडलची तुफान सेना, १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे, हे सर्व एका निबंधात आणायचे ठरवले की प्रत्येक घटनेला एक परिच्छेद येतो आणि निबंधाची सनावळी होते. यातल्या एका कामाला धरून राहा. प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, दारूविरुद्ध मोहिमा काढल्या आणि कमी खर्चाची ‘गांधी पद्धतीची’ लग्नेही लावून दिली. लुटीच्या आणि चकमकींच्या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या, त्यामानाने ही लग्ने मागे राहिली. त्या लग्नात नेमके काय वगळले जात असे? मानपान, जेवणावळ, हुंडा? वधूपक्ष खुशीने तयार होत असे, की चळवळीच्या धाकाने? एका गावातील अशा एकाच लग्नाची माहिती मिळाली तरी निबंध उभा राहील. प्रत्यक्ष पाहणारी माणसे आता जवळजवळ उरली नाहीत, म्हणून मुलांकडून आणि सुनांकडून ऐकावे लागेल; विशेषतः सुनांकडून, कारण सासूच्या लग्नाची गोष्ट त्यांनी स्वयंपाकघरात अनेकदा ऐकलेली असते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. ‘सातारचे’ प्रतिसरकार म्हणताना आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवू नये. नाना पाटलांचे गाव येडेमच्छिंद्र आणि कुंडल ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे साताऱ्यातच बसून हा विषय पुरा होणार नाही, कराडच्या खाली उतरावे लागेल. दुसरे असे की घरी ऐकलेली हकिकत आणि छापील तारीख यांत फरक निघाला, तर आजोबांना खोटे ठरवण्याची किंवा पुस्तकाला दोष देण्याची घाई करू नये. दोन्ही लिहून, आपण कोणती का स्वीकारली ते एका वाक्यात नोंदवावे. इतिहासाच्या प्राध्यापकांना पानभर देशभक्तीपेक्षा ते एक वाक्य अधिक समाधान देते.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमच्या गावची नागपंचमी पूर्वी जिवंत नागांसाठी प्रसिद्ध होती. त्यावर लिहायचे मनात आहे, पण घरचे म्हणतात की गावाविरुद्ध लिहिल्यासारखे होईल, आणि मैत्रिणी म्हणतात की गावाच्या बाजूने लिहिले तर अंधश्रद्धाळू ठरशील. वादाचा विषय टाळावा का?
— एक विद्यार्थिनी, शिराळा

उत्तर : टाळू नकोस. ज्या विषयावर घरात आणि मैत्रिणींत मतभेद आहेत, त्याचा शेवट आधीच ठरलेला नसतो, आणि या सदरात वर जे सांगितले त्यानुसार ती मोठीच जमेची बाजू आहे.

मात्र कोणत्या प्रश्नावर लिहिणार ते नीट ठरव. ‘नागपंचमी : श्रद्धा की अंधश्रद्धा’ असे शीर्षक दिलेस की तू पुन्हा ‘शाप की वरदान’च्या वाटेला लागशील. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका बंद पडल्या. कायदा कोणत्या कारणाने नाग पकडू देत नाही, ते प्राण्याच्या बाजूने आधी समजून घे : सापाला दूध पचत नाही, त्याला बाहेरचे कान नाहीत, पुंगीच्या हालचालीला तो प्रतिसाद देतो. दुसऱ्या बाजूला, पिढ्यान् पिढ्या नाग हाताळणाऱ्या गावकऱ्यांचे म्हणणे तितक्याच काळजीने ऐक. सण झाल्यावर नाग जिथून आणला तिथेच सोडण्याची रीत होती असे ते सांगतील. ती सगळे पाळत असत का, हेही त्यांनाच विचार. मग ‘मिरवणूक थांबल्यावर गावातील मुलांचे सापाविषयीचे ज्ञान वाढले की भीती वाढली?’ असा काहीसा प्रश्न पुढे येईल, आणि त्याचे उत्तर शिराळ्याबाहेरचा कोणी तुझ्याइतके चांगले देऊ शकणार नाही. तुझे मत शेवटी अवश्य लिही, पण ज्यांचे मत तुला पटत नाही त्यांना स्वतःचे म्हणणे तुझ्या निबंधात ओळखता आले पाहिजे. घरच्यांना निबंध पाठवण्याआधी वाचून दाखव. त्यांची हरकत मताला आहे की एखाद्या शब्दाला, ते तेव्हा कळेल.

प्रश्न : निबंधाचा विषय चॅटबॉटला विचारला तर त्यात गैर काय? मी विचारला तेव्हा त्याने एका मिनिटात वीस विषय दिले.
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : विचारण्यात गैर काही नाही, मात्र त्याने दिलेले वीस विषय इतर अनेकांनाही मिळालेले असतात, हे लक्षात ठेवावे. ती यादी मी टाळायच्या विषयांची यादी म्हणून वापरली असती. स्वतःचा विषय सापडल्यावर ‘या विषयावर मला कोणते प्रश्न विचारशील?’ असे त्याला विचारावे, त्याचा उपयोग अधिक होतो.

विट्यात राहून विषयासाठी यंत्राकडे जावे लागले याचे मला थोडे नवल वाटते. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी देशभरच्या शहरांत पसरली आहेत. तुझ्याच गल्लीत वर्षभर कुलूप असलेले आणि जत्रेला किंवा लग्नसराईत उघडणारे एखादे घर असेल. त्या घराची किल्ली कोणाकडे असते, दिवा कोण लावते, परगावी वाढलेली मुले इथे आल्यावर कोणत्या भाषेत भांडतात, एवढे पाहून ये.

प्रश्न : विषय ठरवला, निम्मा निबंध लिहिला आणि आता त्यात काही राम वाटत नाही. मुदतीला दहा दिवस आहेत. विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : आधी कंटाळ्याचे कारण पाहावे. माहिती मिळत नाही म्हणून कंटाळा आला असेल तर विषय बदलण्याऐवजी लहान करावा : घाटाऐवजी घाटाची एक पायरी, बाजाराऐवजी एक दुकान, शंभर वर्षांऐवजी एक वर्ष. माहिती भरपूर आहे, पण तिच्यात तुला स्वतःला नवल वाटावे असे काहीच आढळले नाही, असे असेल तर विषय आजच सोडावा. लिहिलेली पाने वाया जातील म्हणून तो धरून ठेवू नये. दहा दिवसांतले तीन दिवस नवीन विषयासाठी माणसे गाठण्यात घालवले तरी लिहायला चार आणि पुन्हा वाचायला तीन उरतात. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष बोललेले एकही वाक्य वहीत उतरलेले नसेल, तर मात्र जुन्याच विषयाकडे परत जावे, तो लहान करावा आणि मुदतीत पाठवून द्यावा.